हातांवर पाणी घालणारा

जेवणाचीं पानें मांडलीं कीं घरांतील एखादें मूल तांब्या घेऊन पुढें होतें आणि पाहुण्यांच्या हातांवर पाणी घालतें, ही चाल आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं आपल्या गांवच्या घरीं पाहिली असेल. पाहुणा हात धुतो, पंचास पुसतो व पाटावर जाऊन बसतो. पुढचें सारें बोलणें पाहुण्याभोंवतीं चालतें. तांब्या धरणाऱ्या मुलाचें नांवही कोणी विचारीत नाहीं. पाणी घालून झालें कीं तें बाजूस सरतें आणि त्याचें काम सर्वजण विसरून जातात.

पवित्र शास्त्रांत मात्र एका थोर पुरुषाची ओळख नेमकी याच कामावरून करून दिलेली आहे. ही ओळख कोणी, कोणापुढें व कोणत्या प्रसंगीं करून दिली, आणि ज्याची ती करून दिली तो त्या कामांत काय शिकला, याचा विचार या लेखांत करावा असा आमचा हेतु आहे. आमच्या शाळेंतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकीं कांहीं पाळक होतील, कांहीं शिक्षक होतील, कांहीं वैद्य व परिचारिका होतील. मंडळीच्या कामाचा भार पुढें त्यांच्यावर पडेल. त्या भारासाठीं तयारी कोठें व कशी होते, हा प्रश्न जसा त्यांचा तसाच त्यांच्या आईबापांचाही आहे.

तीन राजे आणि कोरडी वाट

ही गोष्ट दुसऱ्या राजांच्या पुस्तकाच्या ३ ऱ्या अध्यायांत आहे. इस्राएलाचा राजा अहाब मेल्यावर मवाबाचा राजा मेशा यानें बंड केलें. तो १,००,००० कोंकरें व १,००,००० एडक्यांची लोंकर इस्राएलाच्या राजाला खंडणीदाखल देत असे. ती त्यानें बंद केली. हा मेशा केवळ शास्त्राच्या पानांवर भेटतो असें नाहीं. मृत समुद्राच्या पूर्वेस धीबान येथें १८६८ सालीं एका मिशनऱ्याला एक काळा शिलालेख आढळला. त्यांत मेशा राजानें इस्राएलाचें जूं कसें झुगारून दिलें हें स्वतःच्या बाजूनें सांगितलें आहे. तो शिलालेख पॅरिस येथील लूव्र संग्रहालयांत ठेविलेला आहे.

मेशाचें पारिपत्य करण्यासाठीं इस्राएलाचा राजा यहोराम निघाला. त्यानें यहूदाचा राजा यहोशाफाट व अदोमाचा राजा यांस बरोबर घेतलें. अदोमाच्या रानांतून सात दिवस वळसा घालून सैन्य चाललें आणि पाणी संपलें. माणसांना नाहीं, जनावरांना नाहीं. तीन राजे, त्यांचे सरदार, त्यांचे रथ व शस्त्रें, सर्व असून एका घोटासाठीं सर्व अडलें. यहोरामानें देवालाच बोल लाविला. यहोशाफाटानें मात्र विचारिलें कीं येथें परमेश्वराचा कोणी संदेष्टा आहे काय.

उत्तर देणारा राजा नव्हता, सरदार नव्हता. यहोरामाच्या चाकरांपैकीं एक होता. त्यानें सांगितलें कीं शाफाटाचा पुत्र अलीशा येथें आहे. एलीयाच्या हातांवर पाणी घालीत असे तोच तो.

या उत्तराचें आश्चर्य वाटावें असें आहे. याच्या आधींच्या अध्यायांत अलीशानें एलीयाच्या झग्यानें यार्देनेचें पाणी दुभंगिलें आहे व यरीहोचा वाईट झरा गोड केला आहे. चाकराला अलीशाची थोरवी सांगावयाची असती तर तेवढें पुष्कळ होतें. पण त्यानें त्याच्या हातून घडलेलीं आश्चर्यें सांगितलीं नाहींत, त्याच्या हातांत पूर्वीं काय असे तें सांगितलें. चाकराला चाकराचें काम ओळखतां येतें. राजाच्या छावणींत कोण येतो, कोण जातो हें त्यानें उभ्यानें पाहिलेलें असतें. कोणाचें बोलणें पोकळ व कोणाचें भरींव याचीही त्याला पारख असते. आणि आम्हांस असेंही वाटतें कीं यहोशाफाटाला ती शिफारस पटली, कारण लगेच तो म्हणाला कीं परमेश्वराचें वचन या मनुष्यापाशीं आहे. आणि तिघेही राजे आपण होऊन अलीशाकडे गेले.

पुढें काय झालें तें वाचकांस ठाऊक आहे. अलीशानें त्या खोऱ्यांत चर खणावयास सांगितलें. वारा नाहीं, पाऊस नाहीं, तरी सकाळीं अदोमाच्या बाजूनें पाणी आलें व सर्व प्रदेश भरून गेला. ज्यानें एका वृद्ध गुरूच्या हातांवर तांब्याभर पाणी घातलें, त्याच्याच शब्दावरून तीन राजांच्या सैन्यास पाणी मिळालें.

नांगर सोडला तो दिवस

अलीशा पाणी घालणारा कसा झाला हें पाहण्यास आपणांस मागें, पहिल्या राजांच्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायाकडे गेलें पाहिजे. आबेल-महोला येथें शेतांत १२ जोड्या नांगर ओढीत होत्या व बाराव्या जोडीमागें अलीशा स्वतः होता. बारा नांगर चालणारें घर म्हणजे खाऊनपिऊन सुखी असलेलें घर. नोकरांना कामास लावून बांधावर उभें राहणें त्याला शक्य होतें. पण त्याची मूठ नांगरावर होती आणि तीही शेवटच्या नांगरावर, जेथें पुढच्या अकरांची धूळ तोंडावर येते.

एलीया त्याच्याजवळून गेला व त्यानें आपला झगा त्याच्यावर टाकिला. अलीशानें आईबापांचा निरोप घेण्याची परवानगी मागितली. मग त्यानें आपल्या बैलांची जोडी कापून, नांगराचींच लाकडें जाळून तें मांस शिजविलें व लोकांस जेवूं घातलें. परत येण्याचें साधनच त्यानें उरूं दिलें नाहीं. त्यानंतर तो एलीयाच्या मागें गेला व, शास्त्र सांगतें, त्याची सेवा करूं लागला.

झगा अंगावर पडला त्या दिवशीं अलीशाला वाटलें असेल कीं आतां आपण संदेष्टा झालों. पण झग्याबरोबर अधिकार आला नाहीं, तांब्या आला. झगाही त्या दिवशीं एलीयाकडेच राहिला असला पाहिजे, कारण पुढें यार्देनेच्या कांठीं तो एलीयाच्याच हातीं दिसतो. ज्याला देवानें संदेष्टा होण्यास निवडिलें त्याला त्यानें प्रथम दुसऱ्याच्या घरीं पाणक्या केलें.

येथें मूळ इब्री भाषेंत सेवा करणें या अर्थाचें जें क्रियापद आहे तेंच यहोशवाविषयीं व बाळ शमुवेलाविषयींही योजिलेलें आहे. यहोशवा हा मोशेचा सेवक होता; शमुवेल एलीच्या देखरेखीखालीं परमेश्वराची सेवा करी व सकाळीं मंदिराचीं दारें उघडी. या तिघांपैकीं एकानें इस्राएल लोकांस यार्देनेपार नेलें, दुसऱ्यानें राजांस अभिषेक केला, व तिसऱ्यापुढें राजे आले. तिघांच्याही आयुष्याचा आरंभ एकाच शब्दानें झालेला आहे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

शास्त्र ज्या काळाविषयीं मौन धरितें

अलीशा एलीयाची सेवा करूं लागला, असें सांगून १९ वा अध्याय संपतो. त्यानंतर २०, २१ व २२ हे अध्याय येतात. मग दुसऱ्या राजांच्या पुस्तकाचा पहिला अध्याय येतो. या चार अध्यायांत अरामी लोकांशीं लढाया होतात, नाबोथाचा द्राक्षमळा अन्यायानें घेतला जातो, अहाब रणांत पडतो, त्याचा पुत्र अहज्या माडीच्या जाळींतून पडून मरतो. एवढ्या घडामोडींत अलीशाचें नांव एकदांही येत नाहीं.

तरुण मनाला हें मौन फार कठीण जातें. काम करावें आणि अंकांत नांव छापून येऊं नये, बक्षिसाच्या दिवशीं व्यासपीठावर आपणांस कोणी बोलावूं नये, हें सोसत नाहीं. पण त्या मौनांत अलीशाची शाळा चालली होती. तेथें तो काय शिकला असेल याचा अंदाज त्याच्या पुढच्या वर्तनावरून करितां येतो.

पहिली गोष्ट, तो माणसाला जवळून पाहण्यास शिकला. एलीया हा कर्मेल डोंगरावर अग्नि उतरविणारा थोर संदेष्टा खरा. पण अलीशाच्या भेटीपूर्वीं थोड्याच दिवसांमागें तो रानांत एका झुडपाखालीं बसून मरण मागत होता. अशा थकलेल्या पुरुषाच्या सेवेस अलीशाला देवानें पाठविलें. पुढाऱ्याचें तेज दुरून सर्वांस दिसतें. त्याचा थकवा, त्याची भूक, त्याचें नैराश्य हीं हातावर पाणी घालणारालाच दिसतात. जो हें पाहतो व तरीही सोडून जात नाहीं, तो पुढें स्वतः पुढारी झाल्यावर गर्वानें फुगत नाहीं व दुसऱ्याचा दुबळेपणा पाहून त्याला तुच्छ मानीत नाहीं.

दुसरी गोष्ट, तो टिकून राहण्यास शिकला. एलीयाच्या शेवटल्या दिवशीं गिलगाल, बेथेल व यरीहो या तीन ठिकाणीं त्याला येथेंच राहा म्हणून सांगण्यांत आलें, आणि तिन्ही वेळां त्यानें गुरूला सोडण्याचें नाकारिलें. तिसऱ्या वेळचा तो निश्चय एका दिवसांत जन्मलेला नव्हता. रोजच्या लहान कामांत तो घट्ट होत गेला होता. मग त्यानें मागितलें तें एलीयाच्या आत्म्याचा दुप्पट वांटा. नियमशास्त्राप्रमाणें असा वांटा वडील मुलाचा असे. ज्यानें चाकर होऊन सेवा केली त्यालाच पुत्राचा वांटा मागण्याचें धैर्य झालें.

तिसरी गोष्ट, तो लहान गरजा ओळखण्यास शिकला. अलीशाच्या हातून घडलेलीं आश्चर्यें पाहावीं. विधवेच्या घरीं तेलाचें एकच भांडें उरलें आहे. संदेष्ट्यांच्या शिष्यांच्या हांडींत कोणी तरी न ओळखतां रानांतील विषारी फळें चिरून टाकिलीं आहेत. लांकूड तोडतांना मागून आणिलेल्या कुऱ्हाडीचें पातें यार्देनेंत पडलें आहे व तोडणारा घाबरून गेला आहे. तेल, हांडी, कुऱ्हाड! राजाच्या दरबारांत वाढलेल्या माणसाला या दुःखांची किंमत कळली नसती. उसनी आणिलेली कुऱ्हाड हरवणें म्हणजे काय, हें गरिबाच्या ओसरीवर राहिलेल्यालाच कळतें. आणि ती कुऱ्हाड पडली त्या वेळीं अलीशा तेथें होता, कारण शिष्यांनीं राहण्याची जागा वाढविण्यासाठीं लांकडें आणावयाचें ठरवून बरोबर चला म्हणतांच तो त्यांच्याबरोबर गेला होता. गुरुपद मिळाल्यावरही मजुरांच्या कामांत जाऊन उभें राहण्याची त्याची संवय सुटली नव्हती.

तोच तांब्या, दुसरें मन

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं मग नेता होण्याचा मार्ग सोपा आहे. कांहीं वर्षें हलकें काम करावें, म्हणजे पुढें मोठें पद आपोआप मिळेल. या भ्रमाचें निरसन त्याच पुस्तकाच्या ५ व्या अध्यायांत आहे.

अलीशालाही एक सेवक होता. त्याचें नांव गेहजी. एलीयाच्या घरीं जें स्थान अलीशाचें तेंच अलीशाच्या घरीं गेहजीचें. त्यानेंही गुरूबरोबर प्रवास केला, निरोप पोंचविले, गुरूची काठी घेऊन तो धांवला. बाहेरून पाहणाराला दोघांच्या सेवेंत कांहीं फरक दिसला नसता. पुढें अरामाचा सेनापति नामान बरा झाला व त्यानें बरोबर आणिलेल्या धनांतून कांहीं भेट देऊं केली. तें धन म्हणजे १० किक्कार रुपें, सोन्याचे ६,००० तुकडे व १० पोशाख. अलीशानें शपथपूर्वक कांहींही घेण्याचें नाकारिलें. गेहजीला तें पाहवलें नाहीं. तो नामानाच्या रथामागें धांवला. दोन गरीब शिष्य आले आहेत अशी खोटी कथा सांगून त्यानें त्यांच्या नांवावर रुपें व पोशाख मागितले. ते घरांत लपविले. आणि येऊन गुरूपुढें असा उभा राहिला कीं जणूं तो कोठें गेलाच नव्हता. त्या दिवशीं नामानाचा रोग गेहजीस जडला व तो गुरूच्या समोरून निघून गेला.

गेहजीचा दोष लोभ एवढाच नव्हता. इतके दिवस केलेल्या सेवेचें आपण कांहीं तरी लागतो, असा हिशेब त्याच्या मनांत चालला होता, असें आम्हांस वाटतें. ज्याच्या मनांत सेवेची वही उघडी असते तो पाणी घालतांना घोट मोजीत असतो. त्याची सेवा कितीही वर्षें चालली तरी ती तयारी होत नाहीं. ती केवळ वाट पाहणें असतें. आणि अशा माणसाच्या हातीं एकदां पद आलें म्हणजे तो मागील वर्षांचें व्याज वसूल करूं लागतो. मंडळींत पुढाऱ्यांचे जे तंटे होतात त्यांचें मूळ शोधूं गेल्यास पुष्कळदां ही उघडी वहीच सांपडेल.

पाळकानें बालपणीं झाडू धरला होता कीं नाहीं, हा प्रश्न म्हणून अपुरा आहे. झाडू धरितांना त्याच्या मनांत काय होतें, हा खरा प्रश्न.

स्वेच्छेची सेवा आणि लादलेली सेवा

आमच्या देशांत या विषयावर लिहितांना एक गोष्ट स्पष्ट न करणें अप्रामाणिकपणाचें होईल. येथें शतकानुशतकें कांहीं जातींच्या वांट्यास झाडणें, वाहणें, उचलणें हीं कामें जन्मानेंच आलीं, आणि इतरांनीं त्यांस हलकें ठरवून वर उपदेश केला कीं सेवा हाच तुमचा धर्म. आमच्या शाळांच्या बांकांवर बसलेल्या कित्येक मुलांच्या आजोबापणजोबांनीं तो उपदेश ऐकिला आहे व त्याचा भार खांद्यावर वाहिला आहे. अशा घरांतील आईबाप मुलाच्या हातीं पाटी देतांना, तूं तरी या कामांतून सूट, असें मनांत म्हणत असतील तर त्यांस कोण दोष देईल?

म्हणून हें नीट समजून घ्यावें कीं अलीशाच्या कथेचा उपयोग कोणास खालीं ठेवण्यासाठीं करितां येत नाहीं. अलीशा बारा नांगरांच्या घरचा होता. त्याच्यावर कोणी जबरदस्ती केली नाहीं. त्यानें आपल्या हातानें बैल कापिले व आपल्या पायांनीं चालत जाऊन तांब्या घेतला. हा धडा, ज्याला दुसऱ्यांनीं बळजबरीनें वांकविलें आहे त्याला आणखी वांकविण्यासाठीं नाहीं. ज्याला सेवा करून घेण्याची संधि आहे, त्यानें ती बाजूस ठेवून उठावें, यासाठीं तो आहे. ज्याच्यावर सेवा लादली गेली त्याला प्रथम न्याय पाहिजे, शिक्षण पाहिजे, मान पाहिजे. मग तो मोकळा झालेला मनुष्य जेव्हां आपण होऊन तांब्या उचलील, तेव्हां त्या तांब्याची किंमत सर्वांत अधिक असेल.

याच न्यायानें प्रभु येशूनें काय केलें तें पाहावें. योहानाच्या शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायांत शिष्यांचे पाय धुतल्याची कथा आहे, आणि सुवार्तिकानें आरंभींच सांगितलें आहे कीं पित्यानें सर्व कांहीं आपल्या हातीं दिलें आहे हें येशूला ठाऊक होतें. तें ठाऊक असतां तो भोजनावरून उठला, त्यानें अंगावरचीं वस्त्रें काढून ठेविलीं, कंबरेस रुमाल बांधिला व पात्रांत पाणी ओतलें. सर्व कांहीं ज्या हातीं होतें त्या हातांनीं प्रथम गंगाळ उचललें. लूकाच्या लेखाप्रमाणें त्याच रात्रीं शिष्यांमध्यें आपणांत मोठा कोण असा वाद चालला होता. मोठेपणाची चर्चा करणारे बारा जण होते. रुमाल कोणाच्याच ध्यानांत आला नाहीं. जब्दीच्या पुत्रांनीं उजवीडावीकडील आसनें मागितलीं तेव्हांही प्रभूनें त्यांस आसनांचा पत्ता सांगितला नाहीं. जो पहिला होऊं इच्छितो त्यानें सर्वांचा दास व्हावें, हा मार्ग दाखविला.

येथें एक भेद ध्यानांत घ्यावा. अलीशानें गुरूच्या हातांवर पाणी घातलें, तें रीतीस धरून होतें. येशूनें गुरु असून शिष्यांच्या पायांवर पाणी घातलें. त्यानें रीतच उलटी केली. ख्रिस्ती पुढारीपणांत तांब्या ही नुसती पहिली पायरी नाहीं. शेवटपर्यंत हातांतून न सुटणारी ती वस्तु आहे.

आमच्या महाराष्ट्रांतील एक साक्ष

ही शिकवण आमच्या भूमींत रुजलेली पाहावयाची असल्यास पंडिता रमाबाईंच्या चरित्राकडे पाहावें. १८५८ सालीं जन्मलेल्या या विदुषीला १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पुराणें मुखोद्गत, वाणी रसाळ, सभा जिंकण्याचें सामर्थ्य हातीं. पुढारी होण्यास आणखी काय पाहिजे, असें जगानें म्हटलें असतें.

पुढें १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या व वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींपाशीं राहिल्या. त्या भगिनींनीं त्यांस लंडनमधील फुलहॅम येथें पाठविलें. समाजानें पतित म्हणून टाकिलेल्या स्त्रियांची सेवा तेथें चाले. त्या सेवेचा रमाबाईंच्या मनावर खोल ठसा उमटला, आणि अशा स्त्रियांवर कोणी प्रेम करूं शकतें हें आपण तेथें प्रथमच पाहिलें, असें त्यांनीं पुढें आपल्या आत्मकथनांत सांगितलें. एवढ्या शास्त्रार्थांत जें उत्तर सांपडलें नव्हतें तें त्यांस कोणाच्या तरी निमूट सेवेंत दिसलें.

१८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदा सदन काढिलें; दुसऱ्या वर्षीं तें पुण्यास आलें. १८९६–९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांत मुली उपाशी मरत आहेत हें ऐकून त्या स्वतः तिकडे गेल्या. लहानपणीं दुष्काळांतच त्यांचे आईबाप व बहीण गेलीं होतीं; भूक म्हणजे काय हें त्यांस कोणी शिकवावें लागलें नाहीं. त्यांनीं आणिलेल्या मुलींसाठीं केडगांव येथें मुक्ति सदन उभें राहिलें. उपासमारीनें खंगलेल्या, अंगावर धड वस्त्र नसलेल्या त्या मुलींना न्हाऊं घालणें, भरविणें, निजविणें, येथून त्या कार्याचा आरंभ झाला. पुढें तेथें शेती, विणकाम व छापखाना चालला. आणि समाजानें टाकिलेल्या स्त्रियांसाठीं कृपा सदन निघालें. फुलहॅम येथें पाहिलेलें बीज केडगांवच्या माळावर उगवलें.

त्यांची विद्या वायां गेली काय? मुळींच नाहीं. आयुष्याच्या उत्तरार्धांत त्यांनीं इब्री व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर केलें. साध्या बायकांना समजावें हा त्यांचा हेतु होता. तें काम हातावेगळें करून ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या प्रभूकडे गेल्या. पदव्या देणाऱ्या पंडितांपुढें जी वाणी गर्जली तिनें शेवटीं आपली भाषा एका अडाणी स्त्रीच्या ओंजळींत मावेल एवढी लहान केली. हातांवर पाणी घालणें याहून निराळें काय असतें?

शाळेंत आणि घरीं

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकीं जो कोणी मनांत म्हणतो कीं देवानें बोलाविलें तर मी त्याच्या कामास जाईन, त्यानें आजच्या दिवसाकडे पाहावें. वर्गांतील माठ रिकामा आहे आणि पाळी दुसऱ्याची आहे. प्रार्थना आटोपून सर्व निघून गेले आहेत व सतरंज्या तशाच पसरलेल्या आहेत. वसतिगृहांत एक सोबती तापानें पडला आहे आणि बाहेर खेळ रंगांत आला आहे. येथें कोणी पाहत नाहीं. शास्त्र मौन धरितें तो काळ हाच. उपदेश करण्याची संधि पुढें येईल किंवा न येईल, पण माठ आज भरावयाचा आहे. आणि तो भरून झाल्यावर सांगत फिरूं नये, नाहीं तर गेहजीची वही उघडली जाते.

पालकांस आमची नम्र विनंति आहे. मूल शाळेंत झाडलोट करून आलें तर, आम्ही तुला याकरितां पाठविलें काय, असें त्याला विचारूं नये. मात्र तें काम सर्व मुलांना सारखें वांटून दिलें जातें कीं कांहींच मुलांच्या वांट्यास येतें, हें अवश्य विचारावें. तो तुमचा हक्क आहे व त्याचें उत्तर देणें आम्हां शिक्षकांचें कर्तव्य आहे. तसेंच घरींही पाहावें. तांब्या नेहमीं मुलीच्याच हातीं आणि पाट नेहमीं मुलाखालीं असेल, तर मुलगी सेवा शिकेल पण मुलगा पुढारीपणास मुकेल. एखाद्या दिवशीं बापानें स्वतः उठून मुलांच्या हातांवर पाणी घालावें. या सबंध लेखानें जें होणार नाहीं तें त्या एका तांब्यानें होईल.

तीन राजे पाण्यावांचून अडले तेव्हां त्यांस अलीशाचा ठावठिकाणा एका चाकरानें सांगितला. आमच्या मुलामुलींविषयींही कधीं काळीं कोणी विचारील. त्या वेळीं त्यांच्या पदव्या सांगणारे पुष्कळ निघतील. पण मागें उभा असलेला एखादा साधा मनुष्य पुढें येऊन, यानें माझ्या थकलेल्या हातांवर पाणी घातलें होतें, एवढेंच सांगूं शकेल, असें जीवन प्रभु त्यांस देवो.

घरीं विचार करण्यासाठीं

१. चाकरानें अलीशाचीं आश्चर्यें न सांगतां त्याची सेवाच कां सांगितली असेल?

२. अलीशा व गेहजी यांच्या बाहेरच्या कामांत काय सारखें होतें, व मनांत काय निराळें होतें?

३. लादलेली सेवा व स्वेच्छेची सेवा यांतील भेद आपल्या गांवांतील एका उदाहरणानें सांगा.

४. ज्याचें नांव कोणी विचारीत नाहीं असें कोणतें काम तुमच्या घरीं रोज होतें, आणि तें कोण करितें?